पूर्ण हजेरीचे बक्षीस कोणाला?





वार्षिक बक्षीस समारंभ जवळ आला की शाळेच्या कार्यालयात याद्या तयार होऊ लागतात. पहिला-दुसरा क्रमांक, पाठांतर, सुंदर हस्ताक्षर, खेळ, आणि सर्वांत शेवटी 'वर्षभर पूर्ण हजेरी'. या शेवटच्या बक्षिसाला टाळ्या जरा जास्तच पडतात. हुशारी देवाने दिलेली असते, पण रोज शाळेत येणे ज्याच्या त्याच्या हातात असते, अशी आपली समजूत आहे. यंदा या बक्षिसाविषयी आम्हाला, म्हणजे वार्तापत्राच्या संपादक मंडळाला, थोडे सविस्तर लिहायचे आहे. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो: हे बक्षीस आज ज्या स्वरूपात दिले जाते, त्या स्वरूपात ते बंद व्हावे.

शाळा वर्षाला दोनशेहून अधिक दिवस भरते. एवढ्या दिवसांत एकदाही ताप, खोकला, जुलाब किंवा डोळे आले नाहीत, अशी मुले थोडी. बक्षीस मिळवणाऱ्यांपैकी काही जण खरोखरच निरोगी असतात. काही मात्र सकाळी तापाची गोळी घेऊन, खिशात रुमाल कोंबून वर्गात येऊन बसतात. घरचेही म्हणतात, "एवढे दोन महिने काढ, बक्षीस हातचे जायला नको." ताप त्याचा, हट्ट त्याचा, कष्टही त्याचेच. पण शेजारच्या बाकावरच्या मुलाला कोणी विचारलेले नसते.

प्रश्न एका लहानशा बक्षिसाचा दिसतो. त्याच्या मुळाशी मात्र तोच वाद आहे, जो २०२० आणि २०२१ साली आपल्या घराघरांत झाला. मास्क लावायचा की नाही हे मी ठरवणार की सरकार? लस घ्यायची सक्ती करता येते का? माझ्या येण्याजाण्यावर बंधन घालणारे तुम्ही कोण? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि आपण तो वाद तिथेच सोडून दिला. त्यातून काय शिकायचे ते शिकायचे राहून गेले, असे आम्हाला वाटते.

पुण्यात काय झाले

हा वाद आपल्या लोकांना नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. थोड्याच महिन्यांत साथ पुण्यात पोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. घरांची झडती घेण्याचे, रोग्याला उचलून रुग्णालयात आणि घरच्यांना छावणीत नेण्याचे, सामान जाळण्याचे अधिकार अधिकाऱ्यांच्या हाती आले. पुण्याच्या प्लेग समितीवर रँड यांची नेमणूक झाली आणि तपासणीच्या कामाला गोरे सोजीर लावले गेले.

पुढचे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. सोजीर बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, स्त्रियांची तपासणी चारचौघांत झाली, अशा तक्रारींनी शहर पेटले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी 'केसरी'तील लिखाणावरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

या हकिगतीची दुसरी बाजू पुस्तकात थोडक्यात येते, आणि आमच्या मते तीच आज अधिक उपयोगाची आहे. सोजिरांच्या जुलमावर कडाडून टीका करणाऱ्या टिळकांनी 'साथ वगैरे काही नाही, घरात लपून राहा' असे लोकांना सांगितले नाही. रोग्याला वेगळे ठेवणे गरजेचे आहे हे त्यांना मान्य होते. सरकारी रुग्णालयात जायला लोक भितात हे पाहून पुण्यात हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्याच पुण्याच्या वेशीबाहेर सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

म्हणजे रोग एक, शहर एक, काळही एकच. रोग्याला वेगळे काढायचे हा हेतूही सर्वांचा सारखाच. एका ठिकाणी ते काम लोकांचा अपमान करून झाले, दुसरीकडे लोकांना विश्वासात घेऊन. सरकारलाही हे पुढे कळले. १८९८ साली मुंबईत दंगा झाल्यानंतर हळूहळू सक्ती सैल करण्यात आली आणि समजावण्यावर भर आला. सक्तीचा राग लोकांना येतो तो नेहमी बंधनाचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो बंधन घालणाऱ्याच्या वागण्याचा असतो.

उंडेऱ्याचे आकडे

आता आपल्या वडोदऱ्याकडे येऊ. उंडेरा हे गाव आपल्या मुलांना माहीत आहे. शहर आता त्याला जाऊन भिडले आहे. तेव्हा ते बडोदे संस्थानातले, शहरापासून सहा मैलांवरचे खेडे होते. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे डॉ. हाफकिन १८९८ च्या फेब्रुवारीत तिथे आले. ही लस त्यांनी आधी, १० जानेवारी १८९७ रोजी, स्वतःला टोचून घेतली होती.

उंडेऱ्यात त्यांनी कुटुंबातल्या काहींना लस टोचली आणि काहींना टोचली नाही, म्हणजे एकाच छपराखाली तुलना करता यावी. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत लस घेतलेले ७१ जण होते आणि न घेतलेले ६४. लस घेतलेल्या ७१ पैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ जणांना झाला आणि २६ दगावले. घर तेच, अन्न तेच, उंदीर तेच.

आजच्या नियमांप्रमाणे असा प्रयोग करायचा तर प्रत्येकाची समजून-उमजून दिलेली संमती लागेल, आणि तशी ती लागलीच पाहिजे. त्या ६४ जणांविषयी वाचताना आम्हालाही अस्वस्थ वाटते. पण या आकड्यांमुळे लसीचा गुण अनेकांना पटला, हेही खरे.

आणि तरीही लोक घाबरत, त्याला कारण होते. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वात होऊन मेले. एकाच बाटलीतल्या लसीत जंतू गेले होते. दोष हाफकिन यांच्या माथी आला, त्यांना कामावरून दूर व्हावे लागले आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. मुंबईतल्या त्यांच्या प्रयोगशाळेला पुढे, १९२५ साली, त्यांचेच नाव मिळाले. सांगायचे एवढेच, की लस घ्यायला कचरणाऱ्या माणसाला मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे असले तरी बरोबर नसते. त्याची भीती समजून घ्यावी आणि तिला उत्तर द्यावे. त्या काळी मुंबईत तरुण आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, मग अनुयायी पुढे आले. हुकमापेक्षा ते उत्तर लवकर पटले.

सक्ती रास्त केव्हा?

मग सक्ती नकोच का? असे आम्ही म्हणत नाही, आणि वडोदऱ्याच्या माणसाने तर तसे म्हणूच नये. महाराजा सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. शेतावर हाताशी येणारा मुलगा किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी शाळेत पाठवावी लागणे हे त्या काळच्या पालकाच्या स्वातंत्र्यावर मोठेच बंधन होते. पण महाराजांनी नुसता हुकूम काढला नाही. शिक्षण मोफत केले, गावोगाव शाळा उघडल्या, आणि आधी एका भागात करून पाहून मग सर्वत्र लागू केले. ती सक्ती टिकली आणि आपल्या शहराची ओळख झाली.

आपली राज्यघटनाही याच वाटेने जाते. कलम १९ देशभर फिरण्याचे स्वातंत्र्य देते आणि सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही देते. 'वाजवी' हा त्यातला कळीचा शब्द. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरोनाच्या लसीबाबत हाच तोल राखला. कोणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही, स्वतःच्या शरीरावर ज्याचा त्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. मात्र लोकांच्या आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, ते प्रमाणात असले पाहिजेत, हेही त्याच निकालात सांगितले.

साथीच्या रोगात 'माझे मी पाहीन' हे म्हणणे अपुरे पडते, कारण त्यातला धोका माझ्यापुरता राहत नाही. तेलकट खाऊन माझे पोट बिघडले तर ते माझे. कोरोनाचा रोगी मात्र लक्षणे दिसण्याआधीच दुसऱ्याला रोग देऊ शकत होता. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क लावणाऱ्याला थोडेफार वाचवी, पण त्याचा मोठा उपयोग त्याच्या तोंडातले तुषार दुसऱ्यापर्यंत जाऊ नयेत हा होता. दुकानदाराने मास्क लावला तर फायदा गिऱ्हाईकाचा, आणि गिऱ्हाईकाने लावला तर दुकानदाराचा. ही देवाणघेवाण ज्यांना नीट समजली त्यांनी दंडाची वाट पाहिली नाही.

समजावणे कमी पडले की काय होते हे आपल्या शेजारच्या सुरतेने १९९४ च्या सप्टेंबरात दाखवले. फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरताच काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. त्यांत काही डॉक्टरही होते. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या. हा रोग खोकल्यातून माणसाकडून माणसाला होतो. पळणारा प्रत्येक जण तो बरोबर नेत नाही ना, हे कोणीच सांगू शकत नव्हते. सुरतेहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या वडोदऱ्यावरूनच जातात, तेव्हा आपल्या शहराच्या मनात काय आले असेल ते जाणत्यांना सांगायला नको. सुदैवाने मृत्यूंचा आकडा पन्नासच्या आसपासच राहिला. पळणाऱ्यांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. ज्यांना शहराच्या व्यवस्थेवर विश्वास नव्हता ते पळाले. पुढे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात तेच सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. लोक तेच होते. रोज कचरा उचलला जाऊ लागला, आणि नियम मोडणाऱ्यात लहान-मोठे पाहिले जाईना, तेव्हा त्यांनीही नियम पाळले.

२०२० साली पुन्हा १८९७ चाच कायदा वापरला गेला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून लागू झाली. घरात धान्य, बँकेत शिल्लक आणि दाराला कडी असलेल्या आपल्यासारख्यांना ती पाळता आली. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर होते ते कामगार शेकडो मैल चालत निघाले. त्यांना बेजबाबदार म्हणणारेही तेव्हा भेटले. पण जो नियम पाळला तर उपाशी राहावे लागते, तो मोडणाऱ्याला नावे ठेवण्याआधी नियम करणाऱ्याने विचार करायला हवा होता. आपल्या मुलांचेही तेच झाले. शाळांना मार्चमध्ये कुलूप लागले आणि लहान वर्ग तर जवळजवळ दोन वर्षे भरले नाहीत. ज्या घरात एकच फोन आणि तीन भावंडे, तिथले नुकसान अजून भरून निघालेले नाही. मोठ्यांना जपण्यासाठी मुलांनी ही किंमत मोजली. त्यांचे आभार मानल्याचे आमच्या ऐकिवात नाही, म्हणून या पानावर मानतो.

या सगळ्यातून आम्हाला जे दिसते ते असे. समाजाने एखाद्याकडून स्वातंत्र्याचा थोडा भाग मागावा, हे रास्त आहे. पण मागताना कारण सांगावे, पाळणाऱ्याला ते परवडेल अशी सोय करावी, आणि गरज सरताच बंधन काढून घ्यावे. एवढे केले की उरलेली जबाबदारी निखालस नागरिकाची. मग 'मी नाही पाळणार, माझी मर्जी' असे म्हणायला त्याला तोंड राहत नाही.

आता आपली शाळा

साथ म्हणजे दर शंभर वर्षांनी येणारे संकट असे समजू नये. शाळेत ती दरवर्षी येते. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली, तेव्हा वर्गच्या वर्ग लाल डोळ्यांनी बसले होते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या वस्तीत, गोवराने बालके दगावली. गोवराचे विषाणू बंद खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतात. संरक्षण नसलेल्या लोकांत एक रोगी बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरू लागतो, तेव्हा ते नुसते ताप-सर्दीचे दुखणे वाटते. नेमक्या याच दिवसांत पूर्ण हजेरीचा उमेदवार शाळेत येतो.

गोवराची साथ रोखायची तर शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव जणांना संरक्षण असावे लागते. आपल्याकडे लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. म्हणजे वर्गातल्या एखाद्या मुलीच्या घरी सहा महिन्यांचा भाऊ असेल तर त्याला अजून लसच मिळालेली नसते. कोणा मुलावर कॅन्सरचे उपचार चालू असतील तर त्याला ही लस देता येत नाही. अशा मुलांचे रक्षण बाकीच्यांनीच करायचे असते. आपल्या वर्गात असे कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून सर्वांनीच काळजी घ्यायची.

एकीकडे आपण फलकावर 'आजारी असल्यास घरी राहा' असे लिहितो आणि दुसरीकडे जो घरी राहत नाही त्याला व्यासपीठावर बोलावून ढाल देतो. मुले हुशार असतात. फलक आणि ढाल यांतले काय खरे, ते त्यांना कळते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या विषयावर बोलताना काही पालक व शिक्षकांनी शंका काढल्या. त्या वाजवी आहेत.

पहिली शंका अशी, की बक्षीस काढले तर मुले ऊठसूट पोटदुखीचे निमित्त करून घरी राहतील. काही राहतीलही. पण बहाणा करणारा मुलगा या बक्षिसाच्या शर्यतीत मुळात नसतोच. वर्गशिक्षकांना तो पहिल्या महिन्यातच ओळखू येतो, आणि त्याच्याशी बोलण्याचे काम बक्षीस करू शकत नाही.

दुसरी शंका शिस्तीची. आयुष्यात पुढे वेळ पाळावी लागते, कामावर जावे लागते, मग त्याची सवय कशी लागणार? नियमितपणा हा मोठा गुण आहे, यात वादच नाही. पण तापात कामावर येणारा माणूस कार्यालयातल्या दहा जणांना आजारी पाडतो, तेव्हा कामाचा खोळंबा वाढतो. कधी यायचे याबरोबर कधी यायचे नाही हे कळणे, हाही शिस्तीचाच भाग.

तिसरी शंका सर्वांत अवघड आहे. आई-वडील दोघेही कामावर जाणारे असले तर आजारी मुलाला ठेवायचे कुठे? आजी-आजोबांकडे ठेवावे तर फ्लूसारखा आजार त्यांनाच अधिक जड जातो. रजा घेतली तर कित्येकांचा त्या दिवसाचा पगार कापला जातो. याचे पुरे उत्तर आमच्याजवळ नाही आणि शाळेजवळही नाही. पण टाळेबंदीत मजुरांना आपण जे ऐकवले ते या पालकांना ऐकवू नये. त्यांच्याकडून जबाबदारीची अपेक्षा करायची तर तिचा भार थोडा शाळेने उचलावा. म्हणून पुढच्या सूचना.

विश्वस्त मंडळाला विनंती

एक, 'पूर्ण हजेरी'ऐवजी 'नियमितपणा'चे बक्षीस असावे. आजारपणाचे दिवस घरून त्याच दिवशी कळवले असतील तर ते बक्षिसाच्या हिशेबात गैरहजेरी धरू नयेत. सरकारी हजेरीपट जसा भरायचा तसाच भरला जाईल; बदल फक्त बक्षिसापुरता.

दोन, तीन दिवसांपर्यंतच्या आजारासाठी डॉक्टरांचा दाखला मागू नये. पालकांची चिठ्ठी किंवा फोन पुरे. नुसत्या दाखल्यासाठी दवाखान्याची फी भरावी लागते म्हणूनही काही मुले आजारीपणी शाळेत पाठवली जातात.

तीन, घटक चाचणी आजारपणात बुडाली तर ती आठवड्याभरात पुन्हा देता यावी. परीक्षेच्या दिवशी सर्वाधिक तापलेली मुले वर्गात असतात, हे शिक्षकांना विचारावे.

चार, हीच सवलत शिक्षकांना आणि शिपाई, सेविका यांनाही मिळावी. खोकणाऱ्या बाईंनी दिवसभरात पाच वर्ग घेतले तर पाच वर्गांत आजार जातो. बदली तासाची सोय आधीच आखलेली असावी आणि सेवकवर्गाचा आजारपणाचा पगार कापला जाऊ नये.

पाच, तळमजल्यावर खिडकी असलेली एक खोली आजारी मुलांसाठी राखावी. ज्यांना घरी कोणी नाही, त्यांना पालक येईपर्यंत वर्गात न बसवता तिथे विश्रांती घेता येईल.

सहा, प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड पाहावे. प्रवेश अडवण्यासाठी ते पाहायचे नाही. डोस राहिला असेल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तो मोफत मिळतो हे पालकांना सांगावे आणि त्यांची भीती असेल ती शांतपणे ऐकून घ्यावी.

या सहा गोष्टींना फार पैसा लागत नाही. खोलीसाठी एक खाट, चादरी आणि थर्मामीटर एवढाच खर्च आहे.

विद्यार्थी मित्रांना

नियम मोठ्यांनी करायचे आणि तुम्ही नुसते पाळायचे, असे आम्हाला वाटत नाही. तुम्हाला त्यातले कारण कळावे म्हणून एवढे लांबण लावले. अंग कसकसत असेल तर आईला खरे सांगा, बक्षिसासाठी लपवू नका. खोकताना हाताच्या कोपरात खोका. आजाराच्या दिवसांत पाण्याची उष्टी बाटली मित्राला देऊ नका आणि त्याचीही घेऊ नका. घरी राहिलेल्या मित्राला संध्याकाळी वही पोचवा किंवा फोनवर अभ्यास सांगा, म्हणजे 'माझे बुडेल' ही त्याची धास्ती जाईल. कोणी सर्दीत मास्क लावून आला तर त्याला हसू नका. तो तुमच्यासाठी लावून आलेला असतो.

२०२० साली आपल्या शहरात गणपतीच्या मिरवणुका निघाल्या नाहीत आणि नवरात्रात गरबा झाला नाही. तेव्हा आपण सर्वांनी मोठ्या गोष्टी सोडल्या. आज मागणे त्यामानाने फारच थोडे आहे: ताप असेल तर दोन दिवस घरी राहणे, आणि राहणाऱ्याचे त्यात नुकसान होऊ न देणे. पहिला भाग विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी करायचा, दुसरा शाळेने. विश्वस्त मंडळाने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि नव्या वर्षाच्या पहिल्या पालक सभेत निर्णय सांगावा, अशी नम्र विनंती आहे. पालकांनी आपली मते, विरोधी असली तरी, कार्यालयातल्या सूचनापेटीत जरूर टाकावीत. पुढच्या अंकात ती छापू.

– संपादक मंडळ